घरी आलेला वर्ग

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, पुणे–बंगळूर महामार्गाला लागून, उचगाव हे करवीर तालुक्यातील गाव आहे. गांधीनगरची कापडपेठ व वळिवडे हे त्याचे शेजारी; शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखानेही फार लांब नाहीत. ऊस पिकविणारी जुनी घरे, कारखान्यांत पाळीने जाणारे कामगार, पेठेत हिशेब लिहिणारे नोकरदार आणि भाड्याच्या खोल्यांतून संसार थाटलेली बाहेरगावची कुटुंबे, अशी या गावाची आजची संमिश्र वस्ती आहे. शिवाजी विद्यापीठ येथून काही मैलांवर, आणि शहरातील महाविद्यालये बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर. अशा गावाला उच्च शिक्षणापासून दूर म्हणणे कोणासही विपरीत वाटेल. तथापि २०२० सालच्या मार्च महिन्यात असा एक दिवस उजाडला की, ही काही मैलांची वाट एकाएकी समुद्राएवढी रुंद झाली. विद्यार्थ्याने वर्गात जावयाचे ही शतकांची रीत थांबली आणि वर्गच विद्यार्थ्याच्या घरी, हातातील मोबाईलच्या पडद्यावर आला.

हा पालट आकस्मिक होता, असे सर्वत्र बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. विद्या आणि विद्यार्थी यांच्यामधील अंतर कसे तोडावे, हा प्रश्न कोल्हापूरच्या परिसराने गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा सोडविला आहे आणि प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने सोडविला आहे. तो इतिहास डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून पडद्यावरील शिक्षणाचा जमाखर्च नीट मांडता येणार नाही.

पहिली रीत सरळ होती. विद्या जेथे असेल तेथे विद्यार्थ्याने जावे. कोल्हापुरात राजाराम कॉलेजची स्थापना १८८० साली झाली. त्या काळी तेथे शिकलेल्यांपैकी गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांचे बालपण कागलास गेले, कॉलेजचे आरंभीचे शिक्षण कोल्हापुरास झाले आणि पदवी १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून मिळाली. कागल, कोल्हापूर, मुंबई असा हा प्रवास होय. परंतु त्याचे मोल कोणी दिले? थोरल्या बंधूंनी आपले शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याच्या विद्येचा खर्च चालविला. विद्येपर्यंतचे अंतर मैलांनी मोजले तर लहान भासते. घरातील कोणाला तरी मागे राहावे लागते, ते जमेस धरले की ते फार मोठे होते. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावयास हवी.

हे अंतर केवळ रस्त्याचे नाही, हे ज्यांनी प्रथम पूर्णपणे ओळखले ते राजर्षी शाहू महाराज. कॉलेज होते, शाळा होत्या, फीमध्ये सवलतही देता आली असती. परंतु खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने शहरात राहावयाचे कोठे, जेवावयाचे कोठे आणि रात्री कोणाच्या दिव्याखाली पुस्तक उघडावयाचे? १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली, त्यामागे हा प्रश्न होता. त्याच साली जैन समाजाचे, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. बोर्डिंग म्हणजे डोक्यावर छप्पर इतकाच अर्थ त्यात नव्हता. बसावयास जागा, वेळेवर अन्न, बरोबरीचे सोबती आणि चुकल्यास विचारणारे एक वडीलधारे माणूस, ही चार साधने तेथे एकत्र मिळत. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या द्वारे खेडोपाडी जे कार्य केले, त्याचाही पाया वसतिगृह हाच होता. आणि त्यांचे विद्यार्थिदशेतील काही दिवस याच कोल्हापुरातील जैन बोर्डिंगात गेले होते.

उचगावच्या शेजारी घडलेली आणखी एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार झालेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य बायका व मुले, १९४३ साली वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले. देश गेला, घरदार गेले, पुढे कोठे जावयाचे याचा ठाव नाही. अशा स्थितीतही छावणीत प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंतच्या शाळा सुरू झाल्या आणि मुले आपल्या भाषेतून शिकू लागली. १९४८ पर्यंत हे लोक येथून गेले, आणि फाळणीने निर्वासित झालेली सिंधी कुटुंबे त्या जागी आली. आजचे गांधीनगर ते हेच. संकटात सापडलेला समाज भाकरीच्या पाठोपाठ शाळेचा विचार करतो, याचा दाखला उचगावच्या शिवारालगतच घडलेला आहे. त्या मुलांची इमारत, गाव व देश हिरावला गेला होता, पण मास्तर आणि मुले समोरासमोर होती. २०२० साली नेमके याच्या उलट झाले. इमारती जागेवर राहिल्या आणि माणसे मात्र एकमेकांना दिसेनाशी झाली.

दुसरी रीत म्हणजे विद्येनेच विद्यार्थ्याकडे जावे. तिचा उदय टपालाबरोबर झाला. इंग्लंडात १८४० साली स्वस्त टपाल सुरू झाले, त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे पत्राने पाठवून, उत्तरे तपासून परत धाडण्याचा उपक्रम केला. हिंदुस्थानात १८५४ साली अर्ध्या आण्यात पत्र कोठेही जाऊ लागले. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या पदव्यांच्या परीक्षा बाहेरील विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. स्वतंत्र भारतात पत्रद्वारा शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने केला. त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर रोजी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. एकीकडे विद्यापीठ खेड्यांच्या जवळ आणण्याचा प्रयत्न आणि दुसरीकडे विद्यापीठ पाकिटात घालून घरपोच धाडण्याचा, असे दोन्ही मार्ग एकाच वर्षी देशात शेजारी शेजारी उघडलेले दिसतात. मुंबई विद्यापीठानेही १९७१ च्या सुमारास पत्रद्वारा शिक्षणाची शाखा काढली.

टपालाच्या शिक्षणाचा दोष लवकरच कळून आला. पाकीट वेळेवर पोचे, परंतु ते उघडावयाचे की नाही हे विद्यार्थ्याच्या एकट्याच्या निग्रहावर राही. महाभारतातील एकलव्याने द्रोणाचार्यांच्या मातीच्या प्रतिमेपुढे धनुर्विद्या साधली, ही कथा या संदर्भात वारंवार सांगितली जाते. परंतु एकलव्य हा अपवाद होता, आणि अपवादावर शिक्षणाची व्यवस्था उभारता येत नाही. सामान्य विद्यार्थ्याला चूक झाल्यास चूक म्हणणारे कोणी तरी लागते. हे ओळखून १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याने केवळ पुस्तके पाठविण्यावर भिस्त ठेवली नाही. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या कारकिर्दीत गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे उघडली गेली आणि ठरावीक दिवशी विद्यार्थ्यांनी तेथे जमून शिक्षकाला शंका विचाराव्या, अशी योजना झाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीच्या वाटेला लागण्याची मुभा मिळाली. कोल्हापूर भागातील गिरणी व कारखान्यांतील कामगार, शिपाई, अंगणवाडी चालविणाऱ्या स्त्रिया यांच्यासारख्यांना हे दार प्रथमच उघडले. गंगा घरी आणावयाची तर वाटेत घाट बांधावे लागतात, हे या विद्यापीठाने जाणले होते. अभ्यासकेंद्रे म्हणजे ते घाट.

पत्रानंतर आवाज आला व आवाजापाठोपाठ चित्र आले. नभोवाणीवर शाळांसाठी कार्यक्रम १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पाठ देण्यास आरंभ केला. ते तयार करणाऱ्या केंद्रांत पुण्याचेही केंद्र होते. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. आयआयटी व बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ पासून आपली व्याख्याने सर्वांना खुली करण्याचे काम हाती घेतले, आणि ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये मोबाईलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले, आणि उचगावातल्या भाड्याच्या खोलीतही चलच्चित्रे पाहणे सहज शक्य झाले. सारांश, २०२० च्या पूर्वीच साधने तयार होती. परंतु महाविद्यालयांच्या नित्य कामात त्यांना पानातील लोणच्याइतकेच स्थान होते. फळा, खडू, हजेरीपट आणि घंटा यांवर चाललेला वर्ग जागचा हललेला नव्हता.

तो हलला साथीने. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील महाविद्यालये बंद करण्यात आली; २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. प्रथम पंधरा दिवसांचा, मग महिन्याचा वाटणारा हा खंड लांबत गेला. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडली, पण साथीच्या दुसऱ्या लाटेने ती पुन्हा बंद पाडली, आणि नंतर २० ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे जो विद्यार्थी २०२० च्या उन्हाळ्यात पदवीच्या पहिल्या वर्गात आला, त्याने आपल्या तीन वर्षांपैकी निम्म्याच्या आसपास काळ वर्गाचा उंबरठा न ओलांडता काढला.

या काळात अध्यापकांची जी त्रेधा उडाली, ती पुढील पिढ्यांना खरी वाटणार नाही. तीस-तीस वर्षे फळ्यावर शिकविलेल्या प्राध्यापकांना मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर टेकवून त्याच्या बारीक डोळ्याकडे पाहत बोलावे लागले. वर्गात बोलताना शिक्षक मुलांच्या चेहऱ्यांवरून वाट काढीत असतो. शेवटच्या बाकावरील कपाळाला आठी पडली की तो थांबतो, दुसरा दाखला देतो, आणि मान हलली की पुढे जातो. पडद्यावर चेहऱ्यांच्या जागी नावे होती. गोंगाट होऊ नये म्हणून सर्वांचे आवाज बंद ठेवावयाचे आणि डेटा वाचावा म्हणून चित्रेही बंद, असा प्रकार झाल्यावर शिक्षकाचे बोलणे विहिरीत हाक मारल्यासारखे झाले, फक्त प्रतिध्वनी तेवढा नाही. पुष्कळांनी यातूनही मार्ग काढले. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर लहान लहान ध्वनिमुद्रित धडे धाडले, कोणी रात्री फोनवरून एकेकाच्या शंका फेडल्या. मात्र रसायनाची परीक्षानळी किंवा यंत्रशाळेतील कानस यांना पडद्यावर पर्याय नव्हता. प्रयोग पाहता आला; हाताने करून चुकता आले नाही.

आता विद्यार्थ्याची बाजू पाहावी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत असे आढळले होते की, देशातील ग्रामीण घरांपैकी सुमारे १५ टक्के व शहरी घरांपैकी ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरांत चार-पाच घरांतच होता. पुढील दोन वर्षांत मोबाईल वाढले हे खरे; परंतु घरात एक मोबाईल असणे आणि विद्यार्थ्याला एक मोबाईल असणे यांत मोठे अंतर आहे. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांतील मुलांना रेंजसाठी उंचवट्यावर जाऊन बसावे लागे. उचगावास ती अडचण नव्हती. रेंज होती, वीज होती. पण एका खोलीच्या बिऱ्हाडात बाप रात्रपाळी करून झोपलेला, आई स्वयंपाकात, धाकट्याची शाळा त्याच वेळी त्याच मोबाईलवर, अशा ठिकाणी पदवीच्या वर्गातील थोरल्या मुलीने अर्थशास्त्राचा तास कोठे बसून ऐकावा? गोखल्यांच्या घरी थोरल्याने धाकट्यासाठी शाळा सोडली होती. एका मोबाईलच्या घरांतून तोच प्रसंग पुन्हा आला. आणि माघार घेण्याची पाळी बहुधा मुलीवर आली, हे कोणत्याही अध्यापकाने सांगावे.

परीक्षांचा प्रश्न याहून बिकट झाला. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात मतभेद झाला, आणि परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. त्या शरदात राज्यातील विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा, पुष्कळशा ऑनलाइन, पार पाडल्या. तीन तास बसून उत्तर रचण्याची जी शिस्त पिढ्यानुपिढ्या चालत आली होती, तिची जागा चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवण्याने घेतली. गुण वाढले, परंतु त्या वर्षाच्या पदवीकडे नोकरी देणारे संशयाने पाहतील की काय, ही चिंता त्या विद्यार्थ्यांना लागून राहिली. दोष त्यांचा नव्हता, कलंक मात्र त्यांच्या वाट्याला यावयाचा होता.

त्यातच जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टप्रमाणेच महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबली आणि पूरग्रस्त भागांत वीजही गेली. रस्ता बंद पडला तरी पडद्यावरील वर्ग चालू राहील, असे त्याच्या कैवाऱ्यांना वाटत होते. वीज गेल्यावर पडदाही मिटला.

तरी न्याय्य बुद्धीने पाहता या रीतीची जमेची बाजू लहान नाही. मुद्रित केलेला धडा पुन्हा पुन्हा ऐकता येतो. वर्गात ‘समजले नाही’ म्हणण्यास लाजणारा मुलगा तो रात्री चार वेळा ऐकतो. गोकुळ शिरगावात पाळी करणाऱ्या तरुणाला, लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीला, अंगाने अधू असल्यामुळे जिना चढू न शकणाऱ्याला, देशातील उत्तम अध्यापकाचे व्याख्यान घरी मिळते. ही गोष्ट राजाराम कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांना स्वप्नातही दिसली नसती. म्हणूनच साथ ओसरली तरी ही रीत ओसरली नाही. २०२० च्या सप्टेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे नियम केले, २०२१ मध्ये पदवीच्या श्रेयांकांपैकी ४० टक्क्यांपर्यंत ‘स्वयम्’वरून मिळविण्याची सवलत दिली, २०२२ मध्ये मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचे जाहीर केले. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या नावातही आता ऑनलाइन शिक्षणाचा उल्लेख आला आहे. कागदोपत्री दोन्ही पदव्या समान झाल्या. ही समानता विद्यार्थ्याच्या पदरात कशी पडेल, हा प्रश्न उरतो.

पत्र, नभोवाणी, दूरदर्शन, इंटरनेट ही सर्व साधने रस्त्याचे अंतर तोडीत आली. त्यांपैकी एकानेही शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या ओळखीचे अंतर आपोआप तोडले नाही. ते जेव्हा तुटले तेव्हा कोणा माणसाने मुद्दाम होऊन तोडले. वर्गात एक बाक चार दिवस रिकामा दिसला की चांगला शिक्षक चौकशी करतो, सोबत्याकडून निरोप धाडतो, प्रसंगी घरी जातो. पडद्यावर नाव उजळलेले राहते, आणि त्यामागे माणूस नसला तरी हजेरी लागते. गळणारा विद्यार्थी तेथे आवाज न करता गळतो. उच्च शिक्षण घेणारी घरातील पहिली पिढी ज्या उचगावासारख्या गावांत आज आहे, तेथे ही मूक गळती सर्वांत महाग पडेल. कारण तेथे एका मुलीचे शिक्षण सुटले म्हणजे पुढच्या पिढीला शिकवणारी आईही हरपते.

यावरील उपाय नवा शोधावयास नको. १९०१ सालच्या बोर्डिंगात जी चार साधने एकत्र होती, त्यांतील अन्न आता बहुतेकांना घरी मिळते. उरलेली तीन, म्हणजे बसावयास निवांत जागा, बरोबरीचे सोबती आणि विचारणारे माणूस, ही अजून बाहेरच मिळवावी लागतात. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून वाचकाला बैठक देत आले आहे. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांच्या संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या खोल्यांत, चार टेबले, वीज, इंटरनेट आणि आठवड्यातून दोन दिवस येऊन बसणारा एक शिक्षक, एवढी योजना झाली तरी पडद्यावरील वर्गाला पाय फुटतील. मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्रे काढून हाच धडा १९८९ मध्ये गिरविला होता.

महाविद्यालये उघडल्यावर उचगावची मुले पुन्हा बसने कोल्हापुरास जाऊ लागली. अनेकांच्या खिशात मोबाईलवरील वर्गही बरोबर असतो. दोन्ही रीती आता शेजारी शेजारी नांदणार, हे उघड आहे. शाहू महाराजांनी बोर्डिंगे काढली, ती खोलीत दिवा लावून मुलगा खरोखर वाचत बसला आहे की नाही, याची काळजी वाहण्यासाठी. घरी आलेल्या वर्गाची परीक्षाही त्याच प्रश्नाने घ्यावी लागेल.